शब्दांच्या खोट्या वंशावळी

एखाद्या शब्दाचा अर्थ कळला म्हणजे मनुष्याचें समाधान होतेंच असें नाहीं. तो शब्द आला कोठून, हें समजल्यावांचून त्याच्या मनाला स्वस्थता येत नाहीं. ही जिज्ञासा चांगलीच आहे. परंतु तिची भूक फार उतावीळ असते, आणि खरें अन्न वेळेवर न मिळाल्यास ती खोट्यावरहि भागते. अशा वेळीं कोणी एखादी चटकदार हकीकत पुढें ठेवली कीं ती खरी किंवा खोटी हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं, आणि विचारणारा मनुष्य रसभंग करणारा ठरतो. राजेरजवाड्यांच्या पदरीं वंशावळी जुळवून देणारे भाट असत. शब्दांनाहि असे भाट लाभलेले आहेत. आणि इंग्रजी भाषेंतील रांगडे, बाजारी शब्द, ज्यांना तिकडे 'स्लँग' म्हणतात, त्यांच्या पदरीं तर ह्या भाटांची विशेष गर्दी आहे. त्यांचें काम निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून द्यावें, कीं त्यांत कोणाविषयीं अन्याय घडतो, असा हा प्रश्न आहे. वरवर पाहतां तो क्षुल्लक वाटेल. मला तो तसा वाटत नाहीं, आणि कां वाटत नाहीं हें सांगण्यासाठींच हा लेख.

'पॉश' हा शब्द आतां मराठींतहि घरचा झाला आहे. पॉश वस्ती, पॉश हॉटेल असें आपण सर्रास बोलतों. ह्या शब्दाची जन्मकथा म्हणून जी सांगितली जाते ती अशी : विलायतेहून हिंदुस्थानास येणाऱ्या आगबोटींवर उन्हाचा ताप चुकविण्यासाठीं श्रीमंत उतारू इकडे येतांना डाव्या अंगाची आणि मायदेशीं परततांना उजव्या अंगाची खोली राखून ठेवीत. इंग्रज खलाशी डाव्या बाजूस 'पोर्ट' आणि उजव्या बाजूस 'स्टारबोर्ड' म्हणतात. तेव्हां 'जातांना पोर्ट, घरीं येतांना स्टारबोर्ड' ह्या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें पी. अँड ओ. कंपनी त्या उतारूंच्या तिकिटांवर उमटवीत असे, आणि तीं अक्षरें जोडून 'पॉश' शब्द तयार झाला! कथा ऐकावयास मोठी सुरेख आहे. तींत तांबडा समुद्र आहे, मुंबई बंदर आहे, साहेब आणि मडमा आहेत. नाहीं तो फक्त पुरावा. तसें एकहि तिकीट आजवर कोणास सांपडलेलें नाहीं, कंपनीच्या दप्तरांत त्या प्रथेचा मागमूस नाहीं, आणि ही हकीकत छापून आली ती 1935 च्या सुमारास, म्हणजे शब्द रूढ होऊन वीस वर्षें लोटल्यावर. उलट 1890 च्या सुमाराच्या एका बाजारी शब्दांच्या कोशांत 'पॉश' म्हणजे छानछोकी मनुष्य असा अर्थ नोंदलेला आहे. त्याच काळीं लंडनच्या चोरांच्या बोलींत 'पॉश' म्हणजे अर्धा पेनी, किरकोळ नाणें. आणि इंग्लंडांतील रोमा लोकांच्या भाषेंत त्याच ध्वनीचा शब्द 'अर्धा' ह्या अर्थीं आहे. ह्यांपैकीं कोणत्या वाटेनें तो शब्द आजच्या अर्थापर्यंत आला ह्याचा निर्णय ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं केलेला नाहीं. परंतु वाट कोणतीहि असो, ती गल्लीबोळांतून जाते. आगबोटीच्या पहिल्या वर्गांतून जात नाहीं.

येथें कोणी म्हणेल, एवढ्यानें कोणाचें काय बिघडलें? शब्द तोच, अर्थ तोच. मेजावर चार माणसें जमलीं असतां एक गोड गोष्ट सांगितली गेली, इतकेंच. हा आक्षेप मला हलका वाटत नाहीं. प्रत्येक गप्पेवर पुराव्याचा पहारा बसविला तर संसारांतील मौज नाहींशी होईल. परंतु आक्षेपकानें एका गोष्टीकडे लक्ष दिलेलें नसतें. वंशावळ खोटी झाली म्हणजे केवळ एक चुकीचें नांव आंत येत नाहीं. खरें नांव बाहेर जातें. आणि स्लँगच्या बाबतींत बाहेर जाणारे लोक कोण असतात हें पाहण्याजोगें आहे.

पंडितांचे शब्द ग्रंथांतून येतात. त्यांचा जन्म कोठें झाला हें ग्रंथच सांगतात. बाजारी शब्द घडविणाऱ्यांस लिहितांवाचतां येत नव्हतें. आपल्याकडे व्यापाऱ्यांची नंदभाषा होती, तींत गिऱ्हाइकाच्या देखत भाव ठरत आणि त्याला पत्ता लागत नसे; तशीच इंग्लंडांत भिकाऱ्यांची, फिरस्त्यांची, खिसेकापूंची भाषा होती. ती टिपून ठेवणारे पहिले लोक तिचे चाहते नव्हते. केंट परगण्यांतील टॉमस हार्मन नांवाच्या जमीनदारानें 1567 च्या सुमारास भटक्या लोकांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. लोकांनीं अशा लबाडांपासून सावध राहावें आणि सरकारनें त्यांचा बंदोबस्त करावा, हा त्याचा हेतु. पुस्तकाच्या शेवटीं त्यानें त्यांच्या शब्दांची यादी दिली आणि तिच्याबरोबर खुद्द त्या माणसांच्या नांवांचीहि यादी दिली. आज कोणताहि सभ्य इंग्रज दारूला थट्टेनें 'बूझ' म्हणतो आणि कपड्यांना 'डड्स' म्हणतो. हे दोन्ही शब्द हार्मनच्या यादींत आहेत. ज्यांची भाषा आपण उचलली त्यांना पकडण्यासाठीं केलेल्या टिपणांतून ती आपल्या हातीं आली, हा इतिहास थोडा लाजिरवाणा खरा.

दोनशें वर्षांनंतर, 1785 मध्यें, फ्रान्सिस ग्रोज ह्या जाड्याजुड्या, खुशालचेंडू कॅप्टननें बाजारी भाषेचा आपला कोश काढला. त्याची वृत्ति निराळी होती. पडक्या गढ्या व मठ ह्यांचीं चित्रें काढणारा तो पुराणवस्तूंचा शोधक. मदतनीसास बरोबर घेऊन तो रात्रीं लंडनच्या गुत्त्यांतून आणि अंधाऱ्या वस्त्यांतून हिंडे व कानावर पडेल तें टिपून घेई, असें त्याच्याविषयीं लिहिलेलें आहे. हार्मनच्या हातीं बेडी होती, ग्रोजच्या हातीं प्याला होता. आणि माणसें कोणाजवळ अधिक खरें बोलतात हें सांगावयास नको.

आतां 'पॅल' हा शब्द घ्या. मित्र, सोबती, ह्या अर्थाचा हा अगदीं साधा शब्द इंग्रज मुलांच्या तोंडीं नित्य असतो. सतराव्या शतकांत तो इंग्रजींत आला तेव्हां त्याला साथीदाराचा, गुन्ह्यांतील जोडीदाराचाहि वास होता. तो आला रोमा लोकांच्या भाषेंतून, आणि तेथें त्याचा अर्थ होता भाऊ. रोमा लोकांचे पूर्वज सुमारें हजार वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांतून पश्चिमेकडे गेले. त्यांचा हा शब्द संस्कृत 'भ्रातृ' पासून आलेला आहे. म्हणजे ज्या मूळापासून आपला 'भाऊ' निघाला त्याच मूळाचा 'पॅल' हा दूर देशीं गेलेला फांटा होय. इंग्लंडांत ह्या लोकांचें स्वागत कसें झालें? मुळांत त्यांचें 'जिप्सी' हें नांवच खोट्या वंशावळीचें. ते इजिप्तहून आले ह्या गैरसमजुतीवर तें बेतलें गेलें. 1530 मध्यें त्यांना देशाबाहेर घालविण्याचा कायदा झाला. 1554 च्या कायद्यानें महिन्याहून अधिक काळ राहिल्यास देहान्ताची शिक्षा ठेवली. आणि असले कायदे रद्द व्हावयास पुढें दोन शतकांहून अधिक काळ लागला. ज्या भाषेंत बोलणाऱ्याला देशांत राहण्याचा अधिकार नव्हता, तिच्यांतला 'भाऊ' मात्र इंग्रजांनीं ठेवून घेतला.

त्याच कुळांतला दुसरा शब्द अधिक बोलका आहे. 2004 च्या सुमारास इंग्लंडांत 'चॅव' हा तुच्छतादर्शक शब्द एकदम सर्वतोमुखीं झाला. भडक कपड्यांचा, उद्धट, अशिक्षित, गरीब घरांतला तरुण, असें कांहींसें चित्र त्याच्यामागें असे. बहुतेक भाषाभ्यासकांच्या मतें हा शब्दहि रोमा भाषेंतलाच. तेथें त्याचा अर्थ मूल, मुलगा. संस्कृत 'शाव' म्हणजे पिलूं. त्यापासून प्राकृत 'छाव', आणि प्राकृतापासून एकीकडे तो रोमा शब्द व दुसरीकडे आपला 'छावा'. मराठी मनुष्याला ज्या शब्दांत केवढा अभिमान वाटतो तोच शब्द टेम्सच्या कांठीं शिवी होऊन बसला, ही कालाची गति. पण माझा मुद्दा तो नाहीं. शब्द रूढ होतांच त्याला एक वंशावळ चिकटविण्यात आली : नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांत राहणारा आणि दांडगा, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून म्हणे हा शब्द झाला. ही उपपत्ति रचणारानें एका वाक्यांत दोन कामें उरकलीं. मुलासाठीं असलेला एक जुना, लडिवाळ शब्द त्यानें पुसून टाकला, आणि गरिबाच्या घराचा पत्ता हाच त्याचा दोष असल्याचें कोशाच्या थाटांत सांगितलें. येथेंहि 'कोणाचें काय बिघडलें' असें कोणी विचारील काय?

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. खरी उपपत्ति नेहमीं उदात्त किंवा करुण असते अशी समजूत करून घेणें हेंहि एक प्रकारचें भाटपणच होय. साऱ्या जगांत पसरलेला 'ओके' हा शब्द घ्या. त्याला कोणी अमेरिकेतील चॉक्टॉ जमातीच्या भाषेंत बाप शोधला, कोणी ग्रीक भाषेंत, कोणी आफ्रिकेंत. ॲलन वॉकर रीड ह्या अमेरिकन पंडितानें जुन्या वृत्तपत्रांचे गठ्ठे उपसले आणि 1963-64 मध्यें दाखवून दिलें कीं बॉस्टनच्या एका पत्रांत 23 मार्च 1839 रोजीं हीं दोन अक्षरें एका फालतू विनोदाचा भाग म्हणून छापली गेलीं होतीं. 'सर्व ठीक' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची मुद्दाम अशुद्ध स्पेलिंगें करून त्यांचीं आद्याक्षरें लिहावयाचीं, अशी त्या वेळीं तेथील पत्रकारांत टूम होती. पुढल्या वर्षीं अध्यक्ष व्हॅन ब्यूरन ह्याच्या निवडणुकींत त्याच्या टोपणनांवाचीं आद्याक्षरेंहि तींच निघालीं, आणि अक्षरें देशभर गेलीं. झालें! कुळ नाहीं, गोत्र नाहीं. एक पोरकट थट्टा. रीडला कांहीं भव्य सांपडलें नाहीं, म्हणून त्याच्या श्रमाची किंमत मला कमी वाटत नाहीं.

आतांपर्यंतचीं उदाहरणें तशीं सोपीं होतीं. कारण त्यांत असत्याच्या मागें केवळ हौस किंवा तुच्छता होती. खरी कसोटी लागते ती असत्य सत्कार्याच्या सेवेला उभें राहतें तेव्हां. इंग्रजींत 'रूल ऑफ थंब' म्हणजे अंगठ्याचा नियम. आपण ज्याला ठोकताळा म्हणतों तोच. आपल्याकडे जशी वीत आणि बोट, तसें तिकडे अंगठ्यानें माप घेत, आणि शास्त्रावर नव्हे तर अनुभवावर चालणाऱ्या कारागिराच्या अंदाजाला हें नांव पडलें. 1692 च्या एका तलवारबाजीच्या पुस्तकांत तें ह्याच साध्या अर्थानें आलेलें आहे. परंतु 1970 नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अशी समजूत पसरली कीं अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीनें नवऱ्यानें बायकोस मारावें असा जुन्या इंग्रजी कायद्याचा नियम होता, आणि त्यावरून हा वाक्प्रचार निघाला. 1982 मध्यें तेथील नागरी हक्क आयोगानें मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांविषयीं जो अहवाल काढला, त्याच्या शीर्षकांतहि हाच वाक्प्रचार होता.

असा कायदा इंग्लंडांत कधीं झालेला नाहीं. 1782 मध्यें फ्रान्सिस बुलर ह्या न्यायाधीशानें तसें कांहीं मत दिल्याची कंडी उठली, आणि गिलरे ह्या व्यंगचित्रकारानें 'न्यायाधीश अंगठा' म्हणून त्याची टर उडविली. परंतु बुलरचा तसा निकाल उपलब्ध नाहीं, आणि वाक्प्रचार तर त्याच्याहून शंभर वर्षांनीं वडील. ह्यावर कोणी कळवळ्याचा मनुष्य म्हणेल : असेना का व्युत्पत्ति खोटी; स्त्रियांना मारहाण होत होती हें तर खोटें नाहीं? एका म्हणीच्या उत्पत्तीपेक्षां त्यांचें दुःख मोठें नाहीं काय? मोठें आहे, आणि म्हणूनच मला हा कैवार पटत नाहीं. 1868 मध्यें उत्तर कॅरोलायना राज्यांत एका नवऱ्यानें बायकोस छडीनें मारल्याचा खटला चालला. छडी अंगठ्याहून बारीक होती एवढ्यावर खालच्या न्यायालयानें त्याला सोडलें. वरिष्ठ न्यायालयानें जाडीची कसोटी मानली नाहीं, पण घरांतल्या किरकोळ भांडणांत न्यायालयानें पडूं नये असें म्हणून सुटका कायमच ठेवली. हें सारें कागदोपत्रीं आहे. अंगठ्याच्या कायद्यापेक्षां ह्या निकालांत अधिक भयंकर असें कांहींतरी आहे, कारण नियम करून मारण्याची परवानगी देणें आणि घराचें दार लोटून घेऊन न पाहिल्यासारखें करणें ह्यांत दुसरी गोष्ट अधिक सर्वत्र आढळते. आपल्या वाड्यांतूनहि ती पुष्कळांनीं पाहिली आहे. पण चर्चा झाली ती म्हणीची. 1994 मध्यें क्रिस्टिना हॉफ सॉमर्स ह्या लेखिकेनें स्त्रीवादी चळवळीवर टीका करतांना ह्याच चुकीवर बोट ठेवलें, आणि ज्यांना मूळ तक्रार ऐकावयाचीच नव्हती त्यांना आयतें निमित्त मिळालें. जिच्या पाठीवर वळ उठले होते तिला ह्या उसन्या पुराव्याची गरज कधींच नव्हती.

मग ज्या शब्दांचें मूळ सांपडतच नाहीं त्यांचें काय करावें? मरणाला इंग्रजींत थट्टेनें 'बादलीला लाथ मारणें' म्हणतात. ग्रोजच्या कोशांत हा वाक्प्रचार आहे. त्याखालीं अर्थ दिला आहे, कथा दिलेली नाहीं. पुढें कोणी म्हटलें कीं गळफास लावून घेणारा मनुष्य पायाखालची बादली लाथाडतो त्यावरून तो निघाला. कोणी म्हटलें कीं नॉरफोकच्या बाजूस मारलेलें डुक्कर ज्या आडव्या लांकडाला उलटें टांगीत त्याला 'बकेट' म्हणत, आणि तडफडतांना त्याचे पाय त्यावर आपटत. कोशकारांचा कल दुसऱ्या मताकडे आहे, पण ते त्याला संभव म्हणतात, निर्णय म्हणत नाहींत. मोठ्या कोशांतून कित्येक शब्दांपुढें 'व्युत्पत्ति अज्ञात' एवढीच नोंद असते. पुष्कळांना ती कोशकाराची हार वाटते. मला त्या दोन शब्दांत एक प्रकारची अदब दिसते. आपल्याला जो मनुष्य माहीत नाहीं त्याच्या जागीं दुसऱ्याला बसविण्याचें कोशकारानें नाकारलेलें असतें.

शेवटीं आपल्या घराजवळचें एक उदाहरण. नाशिकजवळच्या देवळालीस इंग्रजांनीं 1861 च्या सुमारास लष्करी छावणी वसविली. हिंदुस्थानांत मुदत संपलेले गोरे शिपाई परत पाठविण्यापूर्वीं येथें गोळा करीत. सैन्याच्या बोटी सुटत त्या थंडीच्या दिवसांत; शेवटची बोट चुकली कीं पुढल्या हंगामापर्यंत महिनेच्या महिने बसून राहणें आलें. काम नाहीं, लढाई नाहीं, घरीं जावयाचें पण जातां येत नाहीं. वर ऊन, जवळ दारू, अंगांत हिवताप. ह्या अवस्थेंत ज्यांचीं डोकीं फिरत त्यांना 'डुलाली टॅप' झाला असें इतर शिपाई म्हणत. 'डुलाली' म्हणजे देवळाली, आणि 'टॅप' म्हणजे हिंदुस्थानींतला 'तप', आपला ताप. पुढें ताप गळून पडला आणि गांवाचें नांव तेवढें राहिलें. आज इंग्लंडांत कोणी वेड्यासारखें वागूं लागलें कीं तो 'डुलाली' झाला असें म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांपैकीं बहुतेकांना तें एका गांवाचें नांव आहे ह्याचीहि दाद नसते.

देवळालीच्या रहिवाशाला हें ऐकून राग यावा हें स्वाभाविक आहे. त्यानें गांव दिलें आणि पदरांत वेड पडलें! तरीहि ही वंशावळ खरी आहे, आणि ती बदलून कोणी एखादी गोंडस हकीकत आणून दिली तर ती घेऊं नये असें मी त्याला सांगेन. 'पॉश' ची कथा आणि 'डुलाली' ची कथा एकाच समुद्रमार्गावरच्या आहेत. एकींत वरच्या मजल्यावर सांवलीची खोली राखणारा साहेब आहे. दुसरींत त्याच बंदराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला, पगार पिऊन संपविलेला टॉमी. पहिली खोटी असून घरोघर माहीत आहे, दुसरी खरी असून ती ऐकलेला मनुष्य विरळा.

त्या टॉमीनें आणखीहि कांहीं शब्द येथून नेले. आरामाच्या कामाला तो 'कुशी' म्हणूं लागला, ती आपली खुशी. आणि 'ब्लायटी' हा शब्द तर 'विलायती' चाच अपभ्रंश. आपण त्या शब्दानें परकी वस्तु ओळखीत होतों, विलायती कापड, विलायती पाणी. परदेशांत खितपत पडलेल्या शिपायानें तोच उचलून आपल्या घराला लावला. 1914 ते 1918 च्या महायुद्धांत फ्रान्समधील खंदकांतून त्याला आणखी एक अर्थ आला. जीव जाणार नाहीं पण लढतांहि येणार नाहीं, अशी मायदेशीं परत पाठविण्याजोगी जखम म्हणजे 'ब्लायटी'. अशी जखम व्हावी म्हणून शिपाई देवाची करुणा भाकीत, आणि त्यांतल्या बहुतेकांनीं हिंदुस्थान डोळ्यांनीं पाहिलाहि नव्हता.